भोंगा वाजला की या

प्रशांत,

रविवारी तुझ्या पुण्यानुमोदनाला बरेच लोक आले होते. तुझ्या कंपनीतले साहेब नागपूरहून आले. एकाने माईक हातात घेऊन तुझं शिक्षण सांगितलं, इंजिनिअरचा मॅनेजर कसा झालास ते सांगितलं, आणि जंगलाच्या कडेला तू साठ खांब उभे केलेस असं म्हणाला. चौसष्ट. मी खुर्चीत अवघडलो. वैशालीने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "सांगून टाका, नाई तर घरी जाऊन माझं डोकं खाल." तू गेल्यापासून तुझ्या बहिणीच्या तोंडून रडण्याशिवाय आलेलं ते पहिलं वाक्य. तरी मी उठलो नाही. चार खांब कमी सांगितले याचं मला एवढं वाटलं नव्हतं. ज्या एका खांबाबद्दल बोलायला हवं होतं, त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही, याचं वाटलं.

पळसटोल्याचा चार नंबरचा खांब अजून तिथेच आहे. वाघही अजून मोकळा आहे. दोन पिंजरे लावलेत, दोन्ही रिकामे. मोहाचा हंगाम संपलेला नाही आणि बाया रोज पहाटे जातात. मी भद्रावतीत खाणीच्या वजनकाट्यावर बसून ट्रक मोजतो आणि कान पळसटोल्याकडे असतो. इथून काही ऐकू येणार नाही हे मला कळतं.

आमचा कूलर परवा सुरू केला. तू कॉलेजात असताना आमच्याकडे राहायचास, तेव्हा त्याच्या टाकीत एक छोटा लाल दिवा बसवला होतास. पाणी तळाला गेलं की तो लागायचा. मी म्हणालो होतो, पाणी संपलं की गरम हवा येते, तेवढ्यावरून कळतं, दिवा कशाला? तू हातातला पेचकस न थांबवता म्हणालास, "संपल्यावर कळून काय उपयोग, भाऊजी? आधी कळलं पाहिजे." त्याच कामात तू पुढे आयुष्य घातलंस. तो दिवा परवा लागला. वैशाली बादली घेऊन उठली आणि मधेच थांबून उभी राहिली. मग मीच पाणी भरलं.

तुझं काम तू कोणालाही एका दमात समजावून सांगायचास. जंगल संपतं तिथे खांब, खांबावर कॅमेरा, कॅमेऱ्याला वाघ दिसला की गावात भोंगा. पहाटेच्या अंधूक उजेडात त्या कॅमेऱ्याला पट्टे दिसत नाहीत. त्याला फक्त अंगाची ऊब दिसते आणि आकार दिसतो. उभा आकार म्हणजे माणूस, आडवा आकार म्हणजे जनावर. म्हणून खांब बसवला की तपासायला कोणीतरी त्याच्यापुढे चार पायांवर चालायला हवं. ते तू स्वतः करायचास. पळसटोल्याला पहिल्यांदा मीच तुला मोटारसायकलवर घेऊन गेलो होतो. तू बॅग माझ्याकडे दिलीस, मोहाच्या झाडांखालच्या पाचोळ्यात गुडघे टेकलेस आणि रांगायला लागलास. अर्धं गाव जमलं. तिथली बायजाबाई, जिच्या शब्दावर सगळ्या बाया जंगलात जातात आणि परत येतात, माझ्या बाजूला उभी होती.

"काय हो भाऊ, हे पोट्टं काय हरवलं म्हणून शोधून राह्यलं?"

"वाघ होऊन राह्यला," मी म्हणालो.

"मंग शेपूट कुठी आहे त्याचं?"

तू खालूनच उत्तर दिलंस, "कॅमेऱ्याले शेपूट नाई लागत, बाई. वाकलेलं अंग पुरते."

तेवढ्यात भोंगा वाजला. कुत्री भुंकत सुटली, एक म्हातारा घरात पळाला आणि सगळे पोट धरून हसले. त्या दिवसापासून पळसटोल्यात तुझं नाव वाघोबा पडलं.

पुढे तू रोज सकाळी बायजाबाईला फोन करायचास. एकच प्रश्न. "आज वाजला का?" मी विचारलं होतं की तुझ्या कॉम्प्युटरवर सगळं दिसतं, मग म्हातारीला का त्रास देतोस. तू म्हणालास, "भोंगा नाई वाजला याचे दोन अर्थ होतात, भाऊजी. वाघ आला नाई, नाई तर भोंगा मेला. खांब मले सांगत नाई, कोणता. माणसालेच विचारा लागते." मला ते पटलं, कारण बिघडलेला काटासुद्धा शून्यच दाखवतो. पहिला ट्रक चढण्याआधी आम्ही माहीत असलेलं वजन ठेवून बघतो. तुला हे सांगितलं तेव्हा तू माझ्या पाठीवर थाप मारून म्हणालास, "तुम्ही आमच्या लायनीत पाहिजे होते. फुकट कोळशात गेले." माझ्या कामाला कोणी असं कधी म्हटलं नव्हतं. तेव्हा मी हसण्यावारी नेलं होतं.

मग तुला बढती विचारली.

तू आमच्याकडे आलास, कूलरपुढे पाय पसरून बसलास आणि म्हणालास की कंपनीत दोन जिने आहेत. "एक इंजिनिअरचा, एक मॅनेजरचा. इंजिनिअरचा जिना दोन पायऱ्यांत गच्चीले लागते. मंग गच्चीवर उभे राहा न ऊन खा."

"अन् दुसरा?" वैशालीने विचारलं.

"दुसरा वर जाते. पण त्याले खिडक्या नाईत."

"घरी आईले असं सांगू नोको. तिले वाटते तू साहेब होऊन राह्यला."

मी तुला साधा हिशोब मांडून दाखवला होता. इंजिनिअर म्हणून तू सहा खांब नीट पाहतोस. मॅनेजर झालास आणि तुझ्यासारखे दहा जण तयार केलेस तर साठ खांब नीट पाहिले जातील. जिथे आज काहीच नाही अशा गावांत भोंगा पोचेल.  मग म्हणालास, "तुमचा गुणाकार बरोबर आहे. फक्त 'माझ्यासारखे' हा आकडा कुठून आणायचा ते सांगा." पण होकार दिलास. तुझ्या बायकोने, पूनमने, घरी सगळ्यांना पुरणपोळी घातली.

वर्षभराने तुला विचारलं, आज काय केलंस? तू म्हणालास, "सकाळी चौघांले सांगितलं, तुम्ही काय करा. दुपारी दोघांले सांगितलं, त्या चौघांनी काय केलं." आम्ही हसलो. तू हसला नाहीस. तुझे गुडघे स्वच्छ असायचे. वैशालीने ते पाहून तुला टोमणा मारला होता, की आता पँट फाटत नाही म्हणजे साहेबांचं बरं चाललंय. बायजाबाईला रोज जाणारा फोनही कधीतरी थांबला. ठरवून थांबवला नव्हतास. चौसष्ट गावांना रोज फोन कोण करणार? त्याऐवजी तुझ्या भिंतीवर मोठा पडदा आला. त्यावर जिल्ह्याचा नकाशा आणि प्रत्येक खांबाचा एक ठिपका. वीज आहे, नेटवर्क आहे, तर ठिपका हिरवा. मी एकदा तुझ्या चंद्रपूरच्या ऑफिसात आलो तेव्हा सगळा नकाशा हिरवा होता. तू पाठ करून बसला होतास आणि फोनवर कोणाला तरी सांगत होतास की सगळं ठीक आहे.

तू म्हणायचास, परत इंजिनिअर व्हायचं. कंपनीत त्याला खाली येणं म्हणतात, पण मला चालेल. मी म्हणायचो, मग चौसष्ट खांब कोण पाहील? तू म्हणायचास, "मी तरी कुठी पाहून राह्यलो? मी ठिपके पाहून राह्यलो." हे आपलं भांडण तीन-चार वेळा झालं आणि दर वेळी जेवण वाढलं की थांबलं. मला वाटायचं, सावकाश बोलू.

तू गेलास त्याआधीच्या रविवारी तू रूमाला जेवायला घेऊन आलास. तुझ्या हाताखालची इंजिनिअर, मुलचेऱ्याकडच्या बंगाली वस्तीतली मुलगी. वैशालीने तिच्यासाठी मुद्दाम मासे केले होते आणि तिने काटे न पाहता इतके भराभर खाल्ले की वैशाली बघतच राहिली. तू लॅपटॉप ताटाशेजारी ठेवलास आणि मला आकडे दाखवलेस. मोहाच्या हंगामात बाया पहाटे झाडाखाली वाकून फुलं वेचतात. वाकलेली बाई कॅमेऱ्याला जनावर वाटते. त्यामुळे आधीच्या हंगामात भोंगा पहाटेपासून सारखा वाजायचा, आणि पळसटोल्याच्या लोकांनी वैतागून एकदा त्याची वायरच काढून टाकली होती. यंदा तुम्ही कॅमेऱ्याला सांगून ठेवलं होतं की हंगामात, पहाटेच्या वेळेत, मोहाच्या झाडांखालच्या पट्ट्यात वाकलेला आकार मोजायचा नाही. खोटे भोंगे जवळजवळ बंद झाले. एकाही गावाची तक्रार नव्हती. मी बेरीज तपासली, ती बरोबर होती. ते आकडे खोटे नव्हते हे मी आजही कोणापुढेही सांगेन.

रूमा म्हणाली, "सर, एक सांगू? वाकलेली बाई कॅमेऱ्याला जनावर वाटते म्हणून आपण तिला मोजणं बंद केलं. पण वाघालाही ती जनावरच वाटते. म्हणून तर तो वाकलेल्या माणसावर जातो."

"मग काय करायचं? भोंगा वाजत ठेवायचा? मागच्या खेपेला त्यांनी वायर काढली होती, रूमा."

"वायर काढली होती तेव्हा गावाला माहीत होतं सर, की भोंगा बंद आहे. आता त्यांना वाटतं चालू आहे."

वैशाली भात वाढत होती. तिचा हात तसाच राहिला. तू रूमाकडे पाहिलंस आणि सावकाश म्हणालास, "लिहून पाठव. हंगाम झाला की बैठक लावू." तुझा आवाज मला अनोळखी वाटला. कडक नव्हता. उलट फार चांगला, समजूतदार होता. रूमाने "ओके सर" म्हटलं आणि भाताकडे पाहत राहिली.

त्यानंतर तू एकटाच आलास. संध्याकाळी, न सांगता. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, आणि चेहरा उतरलेला. वैशालीने चहा ठेवला तर घेतला नाहीस.

"चार नंबरचा ठिपका हिरवा आहे," तू म्हणालास.

"मग चांगलंच आहे."

"हंगाम लागल्यापासून तो पहाटे एकदाही नाई वाजला. पाणी पलीकडच्या नाल्यातच उरलं आहे, वाघ त्याच वाटेनं जाते. एवढं शांत बरोबर नाई, भाऊजी."

मी म्हटलं, ऑफिसात बसून ती सूचना काढून टाक ना. तू म्हणालास, त्याला नागपूरची परवानगी लागते, आणि नागपूरला तक्रार नसलेली गोष्ट बदलायला कारण लागतं. कारण दाखवायचं तर खांबापुढे रांगायचं, भोंगा वाजत नाही याचा व्हिडिओ काढायचा आणि पाठवायचा.

"रूमाले पाठव," वैशाली म्हणाली.

"तिनं सांगितलं होतं, अन् मी बैठक लावतो म्हटलं. आता तिले कोणत्या तोंडानं रांगाले सांगू? सही माझी आहे."

मग तू बायजाबाईला फोन लावलास, खूप दिवसांनी. फोन स्पीकरवर होता आणि आम्ही दोघं ऐकत होतो.

"कोण, वाघोबा? अजून जित्ता आहेस काय बे? मले वाटलं, साहेब झाला न मेला."

तू हसलास. "बाई, उद्या पहाटे बायांले थांबवा. कोणी जाऊ नका. मी खांबापुढी रांगून पाहतो. भोंगा वाजला की समजा सगळं ठीक आहे. भोंगा वाजला की या."

"अन् नाई वाजला तं?"

"नाई वाजला तं मीच येतो सांगाले."

फोन ठेवल्यावर तू एकदम हलका झालास. चहा मागितलास. माझी एखादी जुनी पँट द्या म्हणालास, ही फाडली तर पूनम घरात घेणार नाही. मी माझी खाकी पँट दिली. कमरेला सैल होती म्हणून माझ्या पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडून दिलं. वैशाली म्हणाली, "मॅनेजर साहेब रांगणार. फोटो काढा कोणी तरी." तू आरशात पाहून म्हणालास, "ताई, पुष्कळ दिवसांनी कामावर जाऊन राह्यलो." तो उत्साह मला आवडला होता. खरं सांगतो, त्या संध्याकाळी मला भीती वाटली नाही. ती आता वाटते, मागे जाऊन, प्रत्येक वाक्यापाशी.

पुढचं मी पाहिलेलं नाही. बायजाबाईने जसं सांगितलं तसं लिहितो. बाया टोपल्या घेऊन समाजमंदिराच्या ओट्यावर बसल्या होत्या. सगळ्यांचे कान भोंग्याकडे. उजाडत गेलं. भोंगा वाजेना. कोणी तरी म्हणालं, साहेबाचे गुडघे धरले वाटते, आणि हशा झाला. आणखी थोडं उजाडलं. सांगायलाही कोणी आलं नाही. मग हसणं आपोआप थांबलं. एक-दोघी म्हणाल्या, चला, जाऊन तरी पाहू. बायजाबाईने जाऊ दिलं नाही. ती म्हणाली, त्यानं सांगितलं वाजला की या. वाजला नाई. तेवढ्यात तुझा जीपवाला, जो रस्त्यावर थांबला होता, धावत गावात आला.

कॅमेऱ्याने सगळं पाहिलं होतं, प्रशांत. रूमाने ते चित्र पाहिलं, मी पाहिलं नाही आणि पाहणार नाही. ती म्हणाली, आधी एक वाकलेला आकार येतो. पट्टा ओलांडतो, थांबतो, परत वळतो. मग त्याच्या मागे, झाडांकडून, दुसरा येतो. मशीनला दोन्ही दिसले. मोजला एकही नाही. ऑफिसातल्या पडद्यावर चार नंबरचा ठिपका तेव्हाही हिरवा होता.

माझ्या पट्ट्यावरून मी तुला ओळखलं. याहून जास्त लिहीत नाही.

त्या दिवशी तू नसतास तर तिथे बाया असत्या, हे पळसटोल्यात सगळ्यांना कळतं. बायजाबाई ते बोलून दाखवत नाही. रविवारी ती आली होती. एसटीने, दोन गाड्या बदलून. हॉलच्या मागच्या दारात उभी राहिली, साहेबांची भाषणं संपेपर्यंत बसली नाही. तुझ्या फोटोपुढे तिने ओंजळभर मोहफुलं ठेवली. जाताना मला म्हणाली, "भाऊ, माह्या घरी दोन सुना जातात वेचाले." एवढंच.

नागपूरने ती सूचना तू गेलास त्याच दिवशी काढून टाकली. परवानगी लागली नाही. आता पळसटोल्यात पहाटे पुन्हा भोंगा वाजत असतो. बाया घोळक्याने जातात, सोबत वनरक्षक असतात, आणि त्या आवाजातच फुलं वेचतात. आधी ज्या आवाजाने डोकं उठायचं, तो जरा थांबला तर आता सगळ्या माना वर करतात. मी रोज काट्यावर बसायच्या आधी बायजाबाईला फोन करतो. "आज वाजला का?" पहिल्या दिवशी ती म्हणाली, "आधी साळा विचारे, आता त्याचा भाटवा विचारून राह्यला. तुमच्या घरात दुसरं काम नाई काय?" मग म्हणाली, वाजला.

तुझ्या खुर्चीवर तात्पुरतं रूमाला बसवायचं ठरलं. ती आमच्याकडे आली होती. वैशालीसमोर तिला बोलता येईना, म्हणून मी तिला अंगणात घेऊन गेलो. ती म्हणाली, "भाऊजी, घेऊ का? सर असते तर नको म्हणाले असते ना?"

तू काय म्हणाला असतास मला माहीत आहे. मी तरी माझंच सांगितलं. घे म्हणालो. तू मॅनेजर झालास हे चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. तुझ्यामुळे ज्या अठ्ठावन्न ठिकाणी खांब गेले, तिथे आधी भोंगाही नव्हता आणि विचारणारंही कोणी नव्हतं. मॅनेजर कोणीतरी होणारच. ज्याला एकदा तरी रांगता आलेलं आहे त्याने व्हावं. तुला हे पटणार नाही. तू म्हणशील, भाऊजी, तुमचा गुणाकार पुन्हा बरोबर आला.  भात वाढून हे भांडण थांबवायचीही आता सोय नाही.

रूमाने मान हलवली. मग म्हणाली, "सर मला त्या दिवशी चिडले असते तर बरं झालं असतं. मी भांडले असते. ते चांगलं बोलले म्हणून मी गप्प बसले."

हे तुला कळवायला हवं होतं.

आता आजचं. आज तिचा त्या खुर्चीवरचा पहिला दिवस होता. सकाळी मी नेहमीप्रमाणे पळसटोल्याला फोन केला.

"आज नाई वाजला, भाऊ," बायजाबाई म्हणाली.

"बाया गेल्या नाहीत?"

"कवाच्या गेल्या. वाकून राह्यल्या. नाई वाजत."

 मी म्हटलं, सगळ्यांना परत बोलवा, आत्ता. तिने फोन चालू ठेवूनच हाका मारायला सुरुवात केली. मी रूमाला फोन लावला. ती ऑफिसला निघाली होती. पडद्यावर सगळे ठिपके हिरवे आहेत असा निरोप तिला आधीच आला होता. तिने मला एकच विचारलं, बाया परतल्या का? मी म्हटलं, परतताहेत. ती म्हणाली, मी तिकडेच जाते.

पळसटोल्याला पोचल्यावर तिने मला फोन लावला आणि कानाला लावलेल्या यंत्रावर चालूच ठेवला. मी काट्याच्या खोलीत होतो, बाहेर ट्रकांची रांग लागली होती आणि मी ती थांबवून ठेवली होती. ती बोलत बोलत काम करत होती. काचेवर काजळी बसलीय भाऊजी, म्हणाली. मोहाखालची जमीन साफ करायला लोक पाचोळा जाळतात, त्याचा धूर. वीज चालू, नेटवर्क चालू, आणि डोळा बंद. तिने काच पुसली. दोन वनरक्षक काठ्या आणि फटाके घेऊन दोन बाजूंना उभे होते. बाया गावात ओट्यावर परत आल्या होत्या. त्यांना ती सांगून आली होती, एकदा रांगते, भोंगा वाजला की या.

हे शब्द तिला कोणी शिकवले नव्हते. 

पाचोळ्याचा आवाज ऐकू आला. तिचा श्वास ऐकू आला. मग लांबून, फोनमधून, भोंगा वाजला. मी तो आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकला. ती हसली, उठल्याचं कळलं, हात झटकल्याचं कळलं. "झालं, भाऊजी. वाजला." भोंगा थांबला.

मग पुन्हा वाजायला लागला.

"परत काय वाकलीस, रूमा? ऊठ आता."

"मी उभी आहे," ती म्हणाली.

त्यानंतर कोणीतरी ओरडलं, फटाके फुटले, धावल्याचा आवाज आला आणि जीपचं दार आपटलं. मग भोंग्याशिवाय काहीच ऐकू येईना. बाहेर एक ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. त्याला मी उठून गप्प करू शकलो नाही.

गावात पोचल्यावर तिने पुन्हा फोन केला. वाघ नाल्याच्या बाजूने आला होता. भोंगा ऐकून वनरक्षक तिकडे वळले, त्यांना झुडूप हललेलं दिसलं, आणि तो आला तसा परत गेला. ठसे मिळालेत. तिला खरचटलंसुद्धा नाही, फक्त गुडघे मळलेत.

मला काळजी होती ती बायांची. पहिला भोंगा वाजला तेव्हा त्या टोपल्या उचलून निघाल्या असणार. तसंच झालं होतं. त्या ओट्यावरून उतरल्या होत्या, पुढच्या चार-पाच जणी तर वाटेतल्या बोडीच्या तळ्यापर्यंत गेल्या होत्या. दुसरा भोंगा वाजताच बायजाबाई हात पसरून वाटेत उभी राहिली आणि सगळ्यांना तिने मागे वळवलं. मी तिला फोनवर विचारलं, भोंगा वाजला म्हणजे या असंच ठरलं होतं, मग थांबायचं हे तुम्हाला कसं कळलं?

"पोट्टी एकदाच रांगते म्हणे," ती म्हणाली. "मंग दुसऱ्या खेपेले कोण रांगून राह्यलं होतं?"

तू रोज सकाळी विचारायचास ना, प्रशांत. आज वाजला.